दोन आणे मोकळे

रत्नागिरीहून पावसच्या रस्त्याला लागलं की भाट्याचा पूल येतो. उजव्या हाताला काजळी नदी समुद्राला मिळते, पलीकडच्या काठावर सुरूचं बन उभं असतं, भरती असेल तर पाणी पुलाच्या खांबांना वळसे घालत आत चढत असतं. गेलं वर्षभर या पुलावर मला यातलं काहीच दिसत नव्हतं. माझं लक्ष असायचं शेजारी बसलेल्या माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या हाताकडे. पुलाचा सांधा चाकाखाली यायच्या क्षणभर आधी तो हात समोरच्या लोखंडी दांडीवर जायचा. चाक सांध्यावरून उतरायचं आणि जीपचं स्टीअरिंग माझ्या मुठीत थरथरायला लागायचं. आधी बारीक, मग मोठमोठ्या हिसक्यांनी. वेग पंचेचाळीस-पन्नासचा असला की हे हमखास. गाडी जवळजवळ उभी केली की ते शमायचं. मागून हॉर्न वाजायचे. अण्णा काही बोलायचे नाहीत, पण दांडीवरचा हात पूल संपेपर्यंत काढायचे नाहीत.

आमची जीप महिंद्राची, एमएम ५४०. अण्णांनी ती घेतली तेव्हा मी शाळेत होतो. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलिस जीपचे सुटे भाग आणून त्या जोडायला सुरुवात केली. पुढे इंजिनं बदलली, प्यूजोच्या परवान्यावरचं डिझेल इंजिन आलं, नावं बदलली. पण आमच्या गाडीचं पोट १९४१च्या लढाईतल्या जीपचंच राहिलं. पुढे आणि मागे चाकापासून चाकापर्यंत जाणारी एकेक जाड आस, आणि तिच्यावर चासीचा भार तोलणारे पोलादी पाटे. पाट्यांची कल्पना तर मोटारीहूनही जुनी. लंडनच्या ओबाडिया इलियटनं १८०४ मध्ये घोडागाडीसाठी कमानपाट्यांचं पेटंट घेतलं. आमच्या गावच्या बैलगाड्यांना मात्र पाटे कधी लागले नाहीत. त्यांचे धक्के माणसं आणि बैल मिळून सोसत आले.

आमची बाग पावसच्या वरच्या अंगाला, सड्यावर. सडा म्हणजे माती थोडी आणि कातळ फार. हा कातळ जांभ्याचा. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरानं मलबारातला असाच दगड पाहून १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात त्याला लॅटराइट म्हटलं. लॅटिनमध्ये 'लाटेर' म्हणजे वीट. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीनंही तासता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. आमच्या सड्यांवर जे उमटतं ते टिकतं. उक्षीला, बारसूला, देवीहसोळला कुणी अनाम माणसांनी हजारो वर्षांपूर्वी कोरलेले हत्ती, मासे, आकृत्या अजून कातळावर आहेत. आमच्या बागेच्या वाटेवर बैलगाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या आहेत, वीतभर खोल. चाकोरी हा शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी पायाखाली पाहिला.

त्या वाटेवरून आमची जीप तीसहून अधिक उन्हाळे आंब्याच्या पेट्या घेऊन उतरली. उन्हाळ्यात लाल धूळ, जूनपासून लाल चिखल. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. वर बारा महिने समुद्राची खारी हवा. धूळ रबराच्या टोपीखाली शिरते आणि ग्रीसमध्ये कालवली की पॉलिशच्या कागदासारखी पोलाद घासत बसते. पाणी शिरतं आणि ग्रीस दुधाळ होतं. मीठ पाट्यांच्या थरांमध्ये गंज धरवतं. आंब्याच्या एकेका झाडाची दुखणी आम्ही ओळखत होतो. पण सगळी बाग जिच्या पाठीवरून बाजारात गेली, तिच्या पोटाखाली काय चाललं आहे ते आम्ही वाकून पाहिलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी थरथर पहिल्यांदा जाणवली होती. तेव्हा अण्णाच गाडी चालवत. मी ती एका गॅरेजला नेली. तिथं त्यांनी स्टीअरिंगचा बॉक्स आवळून दिला, चाकं बॅलन्स केली आणि दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडला एक डॅम्पर बसवला. डॅम्पर म्हणजे आडवा लावलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बरच. चाकं डावी-उजवी झटकू लागली की तो त्यांना आवरून धरतो. थरथर थांबली. मी पैसे दिले आणि विसरलो. अण्णा मात्र म्हणाले, “स्टीअरिंग जड झालंय. वळणावरून आपणहून परत येत नाही.” ते मी वयावर टाकलं.

गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमारास संध्याकाळी बागेतून परतताना उतारावरच्या वळणावर जीप अण्णांच्या हातून सुटली आणि गडग्याला जाऊन धडकली. गडग्याचे चार चिरे निखळले, बंपर वाकला. अण्णांना खरचटलंसुद्धा नाही. मी धावत गेलो तेव्हा ते गाडीतच बसून होते, दोन्ही हात स्टीअरिंगवर. “हिनं हिसका दिला,” एवढंच म्हणाले. त्यांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. हिसका गाडीनं दिला की हात थकले, हा प्रश्न मी मनात लगेच मिटवून टाकला. त्या रात्री किल्ली माझ्या खिशात गेली आणि तिथंच राहिली. नंतर मी चालवू लागलो आणि पुलावर थरथर माझ्याच हातात आली, तेव्हाही माझी खात्री हीच की गडग्यावर आदळल्यामुळं ही भानगड सुरू झाली. अण्णांनी कधी वाद घातला नाही. ते शेजारच्या सीटवर बसत आणि पुलाचा सांधा आला की दांडी धरत.

यंदा मेच्या अखेरीला शेवटच्या पेट्या गेल्या. पाऊस यायला आठ-दहा दिवस होते. कुणीतरी एका म्हाताऱ्या मेस्त्रींचं नाव सांगितलं. शहराच्या वेशीशी त्यांची कौलारू पडवी, पुढं फणसाचं झाड. फळीवर कोणत्या गाडीचा कोणता भाग आहे ते फक्त त्यांनाच ठाऊक. मी जॅक कुठं लावायचा ते विचारलं तर म्हणाले, “उचलायची नाय आधी. ती जशी रोज उभी राहते तशीच बघायची.” आणि पहिलं काम त्यांनी केलं ते डॅम्पर सोडवून बाजूला ठेवण्याचं. “ह्यानं दुखणं बरं होत नाय. कळायचं बंद होतं.”

मला त्यांनी स्टीअरिंगवर बसवलं. सांगितलं, वाईच डावीकडं, वाईच उजवीकडं, दोन बोटांच्या वर नाही. स्वतः गोणपाट टाकून खाली शिरले. मी खिडकीतून वाकून पाहिलं. डोळे मिटलेले होते. स्टीअरिंगपासून चाकापर्यंत जेवढे सांधे आहेत त्या प्रत्येकावर ते दोन बोटं ठेवत होते, अर्धं बोट एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. दोन्ही भाग एकदम हलले तर सांधा धड. एक हलला आणि दुसरा केसभर मागाहून आला, तर तिथं काही झिजलंय. हे डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतं. अण्णा नारळाला टिचकी मारून आत पाणी किती ते सांगतात, तसं. अण्णा पडवीच्या कट्ट्यावर बसून हे सगळं बघत होते. इतक्या महिन्यांत मी त्यांना गाडीकडे असं पुढं झुकून बघताना पाहिलं नव्हतं.

“अण्णा, हिला खेळ आलाय,” मेस्त्री खालूनच म्हणाले.

मराठीत मेस्त्री लोक झिजेला खेळ म्हणतात. पोरं खेळतात तोच शब्द. जिथं दोन भागांनी एकमेकांना धरून राहायचं तिथं मोकळी जागा झाली आणि लोखंड त्या जागेत मनाला येईल तसं हुंदडू लागलं, की खेळ आला. टाय रॉडच्या डाव्या टोकाच्या सांध्याला, म्हणजे एंडला, खेळ होता. मग त्यांनी गाडी उचलली, खाली घोड्या लावल्या. चाकाला वर आणि खाली धरून आत-बाहेर ढकललं. डावं चाक खडखडलं. “आता ब्रेक दाबा.” मी दाबला. चाक तरीही खडखडलं.

ही एवढी साधी परीक्षा मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती. ब्रेक दाबला की चाक आणि त्याच्यामागचा भाग एकजीव होतात. खडखड थांबली तर हबचं बेअरिंग ढिलं. थांबली नाही तर दुखणं आणखी आत, वळताना चाक जिच्यावर फिरतं त्या किंग पिनमध्ये. उजव्या चाकाची खडखड ब्रेकनं थांबली. डाव्याची थांबली नाही. शेवटी त्यांनी टॉमी घेतली, पाट्याचा डोळा आणि तो ज्याला टांगलेला असतो तो शॅकल यांच्यामध्ये खुपसून हलकेच उचलली. तिथले रबरी बुश अंडाकृती झाले होते. बोल्ट त्यांत आडवा पडून राहिला होता.

संध्याकाळपर्यंत यादी झाली. डाव्या बाजूचा एंड, डावी किंग पिन, उजव्या हबचं बेअरिंग, दोन्ही पाट्यांचे पुढचे बुश. यांतलं एकटं काहीही गाडीला पुलावर थरथरवायला पुरेसं नव्हतं. एंडचा खेळ केसाएवढा, पिनेचा नखाच्या जाडीचा. पण सांध्यावरून चाकाला धक्का बसला की तो पहिल्या ढिल्या जागेत शिरतो, तिथून उसळून दुसऱ्या जागेत. दोन्ही चाकं टाय रॉडनं बांधलेली, त्यामुळं एकाची चूक दुसऱ्याला लागते, दुसरं ती परत करतं. मग तो धक्का विरत नाही, आपल्याच पायावर उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी खोलायला घेतलं. टाय रॉडचा एंड निमुळत्या खुंटीनं बसलेला असतो, वर्षानुवर्षं आवळून तो एकजीव होतो. मेस्त्रींनी स्प्लिट पिन काढली, नट सैल केला आणि दोन हातोड्या घेतल्या. एक खुंटीभोवतीच्या लोखंडी कानाच्या एका अंगाला टेकवली, दुसरीनं समोरून एकच नेमका घाव. खुंटी टपकन सुटली. खुंटीवर त्यांनी घाव घातलाच नाही. तिला धरून बसलेल्या लोखंडाला क्षणभर हादरवलं, तेवढ्यानं पकड सुटली. एंड फिरवून काढताना ते आटे मोजत होते, नवा तेवढेच आटे आत घालायचा म्हणून.

मग डाव्या चाकामागचा पोलादी गोळा उघडला. एमएम ५४०ची किंग पिन म्हणजे वर-खाली दोन आखूड खुंट आणि त्यांवर निमुळत्या रोलरांची बेअरिंगं. आतलं ग्रीस तांबूस दुधाळ झालेलं. बेअरिंगची कडी डिझेलनं धुऊन त्यांनी उजेडात धरली. गुळगुळीत असायला हवी त्या पट्टीवर रोलरांनी खाचा पाडल्या होत्या, शेजारी शेजारी, ओळीनं. “गाडी नेहमी सरळच चालते ना,” ते म्हणाले, “म्हणून सरळच्या जागीच खड्डे पडतात. सगळ्यात जास्त जिथं बसतो तिथंच झिजतो माणूस.” स्टीअरिंगच्या बॉक्सचंही तेच होतं. तोही मध्यावर झिजतो. मधला खेळ जावा म्हणून आवळला की बाजूंना घट्ट होतो आणि वळणावरून परत यायला कुरकुरतो. अण्णांनी सांगितलं होतं ते अक्षरशः हेच. तीन वर्षांपूर्वी.

“हे कधीचं असेल?” मी विचारलं.

मेस्त्रींनी खाच नखानं खरवडली. आत काळा, जुना गंज. “हे गडग्यावर आपटून झालेलं नाय. त्याच्या आधीचंच. दोन-तीन पावसाळे तरी झालेत. उतारावर वळण घेताना हिनं हिसका दिला असणारच.”

अण्णा कट्ट्यावरून उठले. त्यांनी ती कडी हातात घेतली आणि खाचांवरून अंगठ्याचं नख फिरवलं, एकदा, दोनदा. नख प्रत्येक खाचेत बारीक अडत होतं. मला ते ऐकू येत होतं. मग त्यांनी ती कडी माझ्या तळहातावर ठेवली आणि हात धुवायला गेले. मी उभा राहिलो. गाडीच्या पोटातली झीज मी माझ्या वडिलांच्या हातांच्या नावावर मांडली होती. इतके दिवस ते ती दुसऱ्याची चूक आपल्या मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसत होते.

नवी बेअरिंगं बसवताना मेस्त्रींनी एक गोष्ट केली, ती मला सगळ्यांत आवडली. पिनेच्या वरच्या झाकणाखाली कागदासारखे पातळ पत्रे असतात, शिम. एक शिम काढला की बेअरिंग आवळतं, एक घातला की सैल होतं. त्यांनी झाकण बसवलं, टाय रॉड अजून मोकळाच ठेवला, आणि मिरकरवाड्याच्या बंदरात मासे तोलतात तसला आकड्याचा ताणकाटा चाकाच्या बाजूच्या लोखंडी हाताला अडकवून हलकेच ओढला. काटा सरकला. जास्त वाटलं, एक शिम परत घातला. पुन्हा ओढला. कमी वाटलं, त्याहून पातळ घातला. असं पाच-सहा वेळा. मी म्हटलं, मेस्त्री, पुरता आवळूनच टाका ना, पुन्हा ढिला व्हायला नको.

ते काटा ओढता ओढताच म्हणाले, “आवळलेलं ते घट्ट. ढिलं ते ढिलं. आपल्याला मोकळं पायजे.”

घट्ट, ढिलं आणि मोकळं. लहानपणापासून हे तिन्ही शब्द मी बोलत आलो, पण ते एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. मोकळ्याला मी ढिल्याचाच सभ्य भाऊ समजत होतो. पण ढिलं म्हणजे धरणाराच उरला नाही. मोकळं म्हणजे धरलेलं आहे आणि तरी फिरतं आहे. पाट्याचंच बघा. पाट्याचं एक टोक चासीला कायमचं बांधलेलं आणि दुसरं शॅकलला टांगलेलं, कारण कमानदार पाटा दबला की सरळ होतो आणि सरळ झाला की लांबतो. तेवढी लांबी सामावायला शॅकल झुलला नाही तर पाटाच तुटेल. पुलाला सांधा ठेवतात तोही याचसाठी. उन्हात पूल वाढतो, त्याला वाढायला जागा लागते. ज्या सांध्याला मी वर्षभर घाबरत आलो, तो पुलाचा श्वास होता. आमच्या घरची दारं करताना सुतारानं चौकटीत फट ठेवली, ती पावसाळ्यात लाकूड फुगेल म्हणून. आई तेव्हा त्या फटीवर नाराज होती. जुलैत तेच दार बिनबोभाट लागायचं.

बुश बसवले तेव्हा बोल्ट त्यांनी हातानंच लावून ठेवले. गाडी घोडीवरून उतरवली, चारही चाकं जमिनीवर आली, पाट्यांनी भार घेतला, आणि मगच पान्यानं आवळले. रबराचा बुश आतल्या नळीला चिकटून पिळत काम करतो. गाडी टांगलेली असताना आवळला तर तो त्या खोट्या जागी अडकतो आणि खाली आल्यावर जन्मभर पिळलेलाच राहतो. भार अंगावर असताना आवळला की त्याची विसाव्याची जागा खरी असते. मग टायरवर खडूच्या खुणा करून, टेपनं पुढचं आणि मागचं अंतर मोजून, पुढचं एक-दोन मिलिमीटरनं कमी ठेवलं. स्टीअरिंगचा बॉक्स थोडा सैल केला. डॅम्पर परत लावायचा का, म्हणून मी विचारलं. “लागला तर लावा,” ते म्हणाले. “आता तो मदतीला राहील. झाकायला नाय.” निघताना बजावलं, दोन दिवस चालवा आणि पाट्याचे यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या, नवं काम एकदा बसतं, मग धरतं.

परतताना पूल आला. मी पन्नासच्या वेगानं गेलो. पहिला सांधा चाकाखाली आला, 'टप्प' असा बुटका आवाज झाला आणि संपला. स्टीअरिंग माझ्या हातात एकदा हललं आणि आपणहून सरळ झालं. किंग पिनचा माथा जरासा मागं झुकवलेला असतो, त्यामुळं सोडून दिलं तर चाकाला सरळ यायची मुळातच ओढ असते. इतके दिवस ती ओढ झिजेत हरवली होती. अण्णांचा हात दांडीवर होता. दुसरा सांधा आला, तिसरा आला. सुरूचं बन सुरू व्हायच्या सुमाराला हात खाली आला.

घरी न जाता मी गाडी सरळ सड्यावर घेतली. झाडं रिकामी होती. आंबे काढायचा झेला गड्यानं झाडाला टेकवून ठेवला होता. अण्णा आयुष्यभर आंबा चौदा आणे तयार झाला की काढत आले. पुरा सोळा आणे झाडावर पिकू दिला तर तो पेटीत टिकत नाही. बारा आण्याला काढला तर आढीत सुरकुततो, गोडी येत नाही. चौदा आणे. उरलेले दोन आणे त्याचे त्यानं पेंढ्यात, अंधारात पुरे करायचे. लहानपणी मी विचारायचो, पूर्ण का नाही? ते म्हणायचे, “दोन आणे त्याच्याजवळ ठेवायचे.” ताणकाट्याशी खटपट करणाऱ्या मेस्त्रींना अण्णा एवढे मन लावून का बघत होते ते मला आता कळलं. तो हिशोब त्यांच्या ओळखीचा होता. किल्ली खिशात घालताना मी मात्र सोळा आणे आवळलं होतं.

गडग्याच्या आत, आमच्याच हद्दीत, कातळावरची सपाट वाट सुरू होते तिथं मी उतरलो आणि गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आलो. अण्णा आधी उठलेच नाहीत. मग सावकाश उतरले, बॉनेटला हात टेकत पलीकडे गेले, स्टीअरिंगपाशी बसले. सीट एक खाच पुढं ओढली. पहिल्या गिअरमध्ये जीप निघाली, माणूस चालतो त्या वेगानं, बैलगाड्यांच्या चाकोरीत डावं चाक घालून. पाटे कुरकुरत होते, चाकाखाली जांभा करकरत होता, पण दातावर दात आपटल्यासारखा तो जुना आवाज कुठंच नव्हता. वळण आलं. त्यांनी स्टीअरिंग फिरवलं आणि वळण संपता संपता तळवे नुसते टेकवून ठेवले. ते त्यांच्या हाताखालून आपणहून सरळ झालं.

“येतंय परत,” अण्णा म्हणाले.

तेव्हा मला दिसलं, समोरची दांडी मी घट्ट धरून बसलो होतो. मी हात काढला आणि मांडीवर ठेवला.